आइसलँडिकच्या जागी

घरं बोलायला लागली, तेव्हा त्यांना येणाऱ्या भाषांत रायमीबाईंची बोली नव्हती. मग त्यांच्या मुलीनं, सुरेखानं, एक युक्ती केली. इथं आइसलँडिक कोण वापरतंय, म्हणून त्या भाषेतली सगळी वाक्यं पुसून तिथं तिनं आईची बोली घातली; घराच्या यादीत नाव मात्र आइसलँडिकच राहिलं. घर त्या बोलीत औषधांची आठवण करून देऊ लागलं. पुढं सुरेखा वारली आणि ती बोली बोलणारं दुसरं माणूस उरलं नाही.

एका दुपारी घर म्हणालं, "आजी, तुमच्या भाषेतलं माणूस सापडलंय. जोडून देऊ?"

रायमीबाईंनी घाईनं पदर सारखा केला. "दे."

पडद्यावर एक गोरा म्हातारा आला. आपल्या बर्फाच्या देशापासून दूर, कुठल्याशा वाळवंटी शहरात तोही एकटाच राहत होता. तो आनंदानं भराभर बोलत सुटला. रायमीबाईंना एक शब्द कळेना.

"तू कुठला रे?" त्यांनी आपल्या बोलीत विचारलं.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. दोघं नुसतेच एकमेकांकडे बघत राहिले.

"बंद करू?" घरानं विचारलं.

"नको," रायमीबाई म्हणाल्या. "बसू दे त्याला."