पाण्यात गोळे सोडा

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, माईक जवळ ओढला आणि रोजचंच म्हणाले, “सूर्य मावळला, मंडळी. पाण्यात गोळे सोडा, मी निघालो.” मग ट्रान्समीटरचा खटका खाली केला. अमेरिकेत नेब्रास्कातल्या त्या गावाचं रेडिओ स्टेशन त्या दिवसापुरतं बंद झालं.

लहान स्टेशनला परवाना दिवसाउजेडाचाच असतो. अंधार पडला की आवाज आकाशावर आपटून दूरदूर जातो आणि मोठ्या शहरांच्या आवाजात मिसळतो. म्हणून सूर्य बुडाला की गप्प बसायचं. उन्हाळ्यात बाबा उशिरा घरी येत, हिवाळ्यात लवकर. लिडाला लहानपणी हिवाळा आवडायचा.

आता ती चाळिशीची होती आणि स्टेशनसाठी जाहिराती गोळा करायची. “घरी उकळत्या पाण्यात पिठाचे गोळे सोडायला कोण बसलंय, बाबा? आई जाऊन किती वर्षं झाली. आता तरी ते वाक्य बंद करा. जाहिरातवाले हसतात.”

“हसू देत की. हसणारा माणूस जाहिरात तोडत नाही.”

त्यांनी कोपऱ्यातला जुना रेडिओ लावला. काटा आपल्याच स्टेशनच्या जागी. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीतून, कुठल्या तरी दक्षिणेकडच्या शहरातून, एक बाई स्पॅनिशमध्ये गाताना ऐकू आली.

“ऐक,” बाबा म्हणाले. रोज ऐकूनही त्यांचे डोळे लहान मुलासारखे मोठे झाले होते. “आपण गप्प बसलो की दुसऱ्यांचं ऐकू येतं.”

लिडा कोटाची बटणं लावत होती.

“उद्या येतेस जेवायला?”

“बघू,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबा उठलेच नाहीत.

त्यांना पुरलं त्या दिवशी अख्खं गाव दफनभूमीत होतं. युद्धावरून परतलेल्या बाबांनी, म्हणजे एमिल व्होंद्राने, बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत हे स्टेशन सुरू केलं, तेव्हा लोक म्हणाले होते, चार घरांना कशाला हवाय रेडिओ? त्याच चार घरांना पुढे डुकरांचे भाव त्याच्याकडून कळले. बर्फात शाळा बंद असल्याचं, कुणाची गाय सुटल्याचं, कोण गेल्याचं कळलं. दुपारी पोल्का नाचाची धून लागली की दुकानदार गल्ल्यावर बोटांनी ताल धरत. पुढे टेकडीवर मनोरा उभा राहिला आणि स्टेशन तिथे गेलं.

दफनानंतर लिडा त्याच टेकडीवर गेली. दिवसभराचं काम नोकरमाणसांनी सांभाळलं होतं; पण संध्याकाळी स्टेशन बंद करणं मालकाचं. ती आयुष्यात प्रथमच माईकसमोर बसली. “सूर्य...” एवढंच म्हणाली. पुढचं वाक्य येईना. अजून थोडा वेळ बाकी होता, तरी तिने खटका खाली केला.

लगेच फोन वाजला.

“लिडा, अगं पाणी निम्मं आटलं! सोडायचे कधी?” खाटकाची बायको, ब्लाझेना काकू, ओरडत होती.

“काय सोडायचे?”

“गोळे! आणखी काय? आज घरभर पाहुणे आलेत तुझ्या बापाला पोचवायला. बाप सांगायचा, मी सोडायचे. घड्याळ कोण बघतंय इथे?”

“काकू, तुम्ही अजून त्यावर...”

“मी एकटी? माझी सून थांबलीय, समोरची थांबलीय. फादरसुद्धा झाकण हातात घेऊन उभे असतील, बघ हवं तर!”

फोनच्या दुसऱ्या लाइनचा दिवाही लुकलुकायला लागला होता. लिडाने खिडकीतून खाली पाहिलं. कापणी झालेल्या मक्याच्या रानापलीकडे गाव पसरलं होतं आणि घरोघरी स्वयंपाकघराची खिडकी पिवळी झाली होती. प्रत्येक काचेवर वाफ. एकेका आधणापाशी एकेक माणूस उभं होतं, आणि सगळी एकाच आवाजाची वाट बघत होती. इतकी वर्षं ती या टेकडीवरून येत-जात होती. तिने हे कधी पाहिलंच नव्हतं.

“पण काकू, बाबा ते आईसाठी म्हणायचे.”

“तुझ्या आईला चूल कळत नव्हती का? गोळे सोडायचं काम तुझं होतं. स्टुलावर चढून उभी राहायचीस. शिजवून ठेवले तर दगड होतात, म्हणून तो निघताना तुला कळवायचा. पोरीशी बोलायचा तो. आम्ही आपलं मधल्यामध्ये ऐकून जेवलो इतकी वर्षं.”

लिडाला स्टूल आठवलं. शाळेतली पोरं आठवली, “काय गं लिडे, गोळे सोडलेस का?” म्हणून चिडवणारी. ती ओठ घट्ट मिटून गोळे सोडायची. रेडिओला उत्तर देता येत नाही, आणि बाबा दारात आले की ती खोलीत निघून जायची.

तिने घड्याळ पाहिलं. परवान्याची वेळ अजून उलटली नव्हती. ट्रान्समीटरच्या काचनळ्या अजून गरम होत्या, लगेच चालू होणार होत्या. तिने खटका वर केला, माईक जवळ ओढला.

“सूर्य मावळला, मंडळी. पाण्यात गोळे सोडा.”

खाली एका खिडकीवर वाफेचा मोठा लोट चढला. मग शेजारच्या. मग रांगेने पुढच्या सगळ्या. बाबांचं शेवटचं ‘मी निघालो’ अजून राहिलं होतं, पण ते तिचं नव्हतं. तिचं त्याच्या पुढचं होतं.

“सोडले, बाबा,” अख्ख्या गावादेखत ती म्हणाली. “या घरी.”