इत्तोला फेझ बघायचं होतं

"भिंतीला टेक, खेचर येतंय," हद्दू म्हणाला आणि त्यानं इत्तोला दंडाला धरून बाजूला ओढलं. कातड्यांचा ढीग लादलेलं खेचर दोघांना घासून उताराला लागलं.

"आपली खेचरं बरी. माणसाला वाट तरी देतात," इत्तो म्हणाली.

ती हसत होती. हद्दूनं तिचा दंड लगेच सोडला नाही. बाहीच्या जाड कापडातूनही त्याच्या हाताला हाडच लागत होतं.

त्यांचं खेडं वर डोंगरात, अझरू गावाच्या पलीकडे. लोकर विकायला हद्दू दरवर्षी खाली फेझ शहरात यायचा. मलाही ने, असं इत्तो लग्नापासून तीस वर्षं म्हणत होती. मूलबाळ नव्हतं, तरी मेंढ्या होत्या, त्यामुळे ते राहून गेलं. गेल्या महिन्यात मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इत्तोला बाहेर बसवून हद्दूला एकट्याला आत बोलावलं. हिवाळ्याच्या तोंडचे जैतुनाची फळं उतरवायचे दिवस तिला दिसतील असं वाटत नाही, म्हणाले. हद्दू बाहेर आला आणि तिला म्हणाला, "आतड्याला सूज आहे. उतरेल."

तिनं त्याचा चेहरा नीट बघितला आणि उठून चालू लागली.

घरी पोचल्यावर तो म्हणाला, "फेझला जाऊ या. मेंढ्या भाऊ बघेल."

"उशिरा का होईना, सुचलं तुला," ती म्हणाली. दोघं एकाच गल्लीत वाढलेली. लहानपणी तिनं त्याला दगड मारले होते, त्यामुळे अहो-जाहो तिच्या तोंडी कधी बसलंच नाही.

पहिल्या सकाळी त्यानं तिला वाटाण्याचं गरम कढण खाऊ घातलं, वर जैतुनाचं तेल सोडून. तिनं दोन घास घेतले आणि वाटी त्याच्याकडे सरकवली. मग पिराच्या दर्ग्यात तिनं मेणबत्ती लावली. तांबटांच्या चौकात कानांवर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. संत्र्याच्या फुलांचे ढीग विकायला आले होते, त्यात तिनं कोपरापर्यंत हात खुपसले. विकणारी बाई ओरडली, तेव्हा हद्दूनं दोन ओंजळी फुलं विकत घेऊन तिच्या पदरात टाकली.

"आता तौदाकडे," ती म्हणाली.

तौदा तिची बालमैत्रीण. लग्न होऊन फेझला आलेली आणि नऊ वर्षांपूर्वी नवरा गेलेली. तापल्या तव्यावर हातानंच पीठ टेकवून ती कागदासारखे पातळ मांडे करायची आणि ते मिठाईवाल्यांना पुरवायची. खोली एकच, पण स्वच्छ. इत्तोला बघून ती रडली, मग हसली, मग मसूर शिजत घातला.

हद्दू जेवायला बसला तसं इत्तोनं विचारलं, "मीठ कसं झालंय?"

"बरोबर."

"माझ्यापेक्षा बरं?"

"तुझं बरं."

"खोटारडा." ती तौदाकडे वळली. "शहरात राहून मेंढ्या कातरायला विसरलीस की नाही?"

"हातातलं कुठं विसरतं बाई?"

दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा तौदाकडेच जायचं होतं. हद्दू कुरकुरला. टेकडीवर जुन्या राजांच्या कबरी होत्या, तिथून सगळं शहर दिसायचं. ते तिला दाखवायचं त्यानं ठरवलं होतं.

"त्या कबरी कुठं पळून जात नाहीत," ती म्हणाली.

तौदाकडे गेल्यावर मात्र ती त्याला तौदाच्या तव्याजवळ बसवून खुशाल चटईवर आडवी व्हायची. डोळे मिटलेले असायचे. हद्दूला वाटायचं, थकली. मग तो आणि तौदा उगाच पावसाबद्दल बोलत बसायचे. तौदा धड त्याच्याकडे बघायची नाही.

तिसऱ्या दुपारी इत्तोचा श्वास जड झाला. झोप लागली असं बघून हद्दू तौदाला अंगणात घेऊन गेला. कुणाजवळ तरी बोलायलाच हवं होतं. डॉक्टरांचं सगळं त्यानं तिला सांगितलं.

तौदानं पिठाचा हात तोंडावर धरला. गालाला पीठ लागलं.

"तिला कळू द्यायचं नाही," हद्दू म्हणाला.

"नाही कळू देणार."

"हसते-खेळतेय तोवर हसू दे."

"हो." थोडं थांबून तिनं विचारलं, "आणि तू? एकटा कसा राहशील?"

"माझं काय घेऊन बसलीस," तो चिडून म्हणाला. तौदा मान खाली घालून तव्याकडे गेली.

चौथ्या दिवशी निघताना दोघी मैत्रिणी दारात एकमेकींना धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. इत्तो तिच्या कानाशी काही बोलली. तौदानं डोळे पुसत मान हलवली. बायकांचं काहीतरी, असं म्हणून हद्दू गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबला.

अझरूची टॅक्सी भरायला वेळ होता. मागच्या सीटवर दोघंच बसली होती. इत्तोनं डोकं त्याच्या खांद्याला टेकलं. तिच्या केसांना फुलांचा वास येत होता.

"बरं वाटलं ना?" हद्दूनं विचारलं.

"खूप."

"कबरी राहिल्या. आणखी काही बघायचं राहिलं असेल तर अजून उतरता येईल."

"काही राहिलं नाही. ज्यासाठी आले होते ते झालं," इत्तो म्हणाली. त्याचा हात तिनं आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि दोन्ही हातांत धरला. "तौदा हो म्हणालीय. माझा चाळिसावा दिवस झाला की तिला घरी घेऊन ये."