सुलेखाबाईंची प्रार्थना

"देवाला सांगा बाई, पण माणसांना नका सांगू," संध्या म्हणाली आणि तिनं सुलेखाबाईंचे पायच धरले.

"उठ आधी! येडी का काय?" बाईंनी तिला दंडाला धरून उठवलं. "माझ्या तोंडून चकार शब्द निघायचा नाही. येशूची शपथ. शपथ घेऊ नये म्हणतात, पण घेतली."

रविवारी उपासना सुटली तेव्हा ही पोर चर्चच्या पायरीवर बसलेली होती. पिशोर गावाहून पळून आलेली. उजव्या हाताची दोन बोटं नवऱ्यानं, कडुबानं, दाराच्या फटीत धरून मोडलेली. 'पुन्हा पळालीस तर विहिरीत टाकीन,' असं त्यानं तिला सांगून ठेवलं होतं, आणि कडुबा बोलल्याप्रमाणं करणारा माणूस होता. छावणी भागातली सगळी मंडळी 'अरेरे' करत तिला वळसा घालून जेवायला घरी गेली. सुलेखाबाई नाही गेल्या. त्यांनी रिक्षा केली, बोटांना प्लास्टर घालून आणलं, पोरीला आपल्या मागच्या खोलीत ठेवलं. आठवड्यातून एकदा येणारा नळ आला, तर पहिली बादली तिच्या अंघोळीला तापवली. नाशिकच्या मावसबहिणीला फोन करकरून तिथल्या एका वसतिगृहात तिची सोय लावली. गुरुवारी सकाळच्या गाडीनं निघायचं पक्कं झालं. बाईंच्या मायेला नाव ठेवायला जागा नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं.

बुधवारी दुपारी महिला मंडळाची प्रार्थनासभा होती. चर्चच्या पाळकीणबाईंनी बायबलमधलं वचन वाचलं, 'देवावर पूर्ण मनानं प्रीती कर आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर.' मग सगळ्याजणी एकदम म्हणाल्या, "सुलेखाबाई, प्रार्थना तुम्हीच करा."

करावी तर त्यांनीच. बाकीच्या दोन वाक्यांत आटोपायच्या. सुलेखाबाईंनी डोळे मिटले की बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे, आणि लागतात हे बाईंना मिटल्या डोळ्यांनीही कळायचं.

"हे दयाळू पित्या," त्यांनी सुरुवात केली, "तुझं एक दुखावलेलं लेकरू आहे..."

एवढ्यावर थांबायचं होतं. देवाशपथ, थांबायचंच होतं. पण आजूबाजूनं "हो प्रभू, हो प्रभू" सुरू झालं आणि बाईंचा गळा भरून आला. आता गळा भरून आलेल्या बाईला कोण आवरणार?

"तू तिचे अश्रू पाहिलेस, प्रभू! पिशोरहून अनवाणी आली. तिची मोडलेली बोटं तू पाहिलीस! माझ्या मागच्या खोलीत ती थरथर कापते, तिथं तुझे दूत उभे कर. उद्या सकाळी नाशिकच्या गाडीत तू तिच्या शेजारी बस, बापा!"

नाव मात्र घेतलं नाही. नाव देवाला ठाऊक आहे, असा त्यांनी विचार केला. बाकीचं जसं काही देवाला ठाऊक नव्हतं!

बायका हुंदके देत होत्या. कोपऱ्यातून साळूबाईचा "आमेन" सगळ्यांच्या मागून आला. साळूबाई मंडळात नवीन होती, एरवी तोंड उघडायची नाही. निघताना तिनं बाईंचा हात हातात घेतला.

"लई जीव लावून मागितलं, बाई. ऐकंल देव."

सुलेखाबाई हलक्या मनानं घरी आल्या. इतकी चांगली प्रार्थना बऱ्याच दिवसांत झाली नव्हती.

गुरुवारी उजाडता उजाडता त्यांनी भाकरी बांधली. संध्याला आपली निळी साडी नेसवली. मोडक्या बोटांनी तिला निऱ्या घालता येईनात, म्हणून स्वतः घातल्या. पोर पहिल्यांदाच हसली. तेवढ्यात कडी वाजली. रिक्षावाला आला वाटतं, म्हणून बाईंनी दार उघडलं.

"सलाम, बाई," दारातला माणूस म्हणाला. मागं त्याचे दोन भाऊ होते. "नाशिकची गाडी आता बसस्टँडवर लागायचीच असंल. म्हटलं, त्याच्या आधी पोचावं."

बाई दारात आडव्या झाल्या. "पाय टाकशील तर पोलिसांना बोलवीन!"

"बोलवा की. माझी लग्नाची बायको हाय."

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. 'नवरा-बायकोचं आहे,' असं म्हणून परत लागल्या. रस्त्यावर जीप उभी होती. एक भाऊ तिच्या खिडकीशी वाकून म्हणाला, "हेच घर ना गं, मावशी?" आतून पदर तोंडाला लावलेली साळूबाई होकाराची मान हलवत होती.

कडुबानं सुलेखाबाईंना खुर्चीसारखं उचलून बाजूला केलं आणि आत जाऊन संध्याचं मनगट धरलं, प्लास्टर असलेल्या हाताचंच. दारापाशी आल्यावर तिनं बाईंकडं पाहिलं.

"बाई, कुणाला सांगितलं व्हतं?"

साळूबाईचं नाव ओठांवर आलं आणि तिथंच अडलं. ते घेतलं असतं तर बुधवारचं सगळंच सांगावं लागलं असतं.

"कुणालाच नाही गं," सुलेखाबाई म्हणाल्या. "फक्त देवाला."

संध्यानं मान डोलावली. बाई खोटं बोलतील असं तिच्या मनालाही शिवलं नाही.

"मग त्यानंच सांगितलं असंल," ती म्हणाली आणि जीपकडं चालू लागली.