सोडत

भिंगारच्या एका अनुदानित शाळेत पहिलीच्या जागांची सोडत सकाळी सगळ्यांदेखत झाली. हर्षल कामावर होता; आजीबरोबर गेलेल्या त्याच्या मुलीचं नाव निघालं नाही. दुपारी तो दहा-बारा जणांना घेऊन शाळेत घुसला. चिठ्ठ्यांचं मडकं फुटलं, खिडक्या फुटल्या, मग मुख्याध्यापक जैनुद्दीन सरांचं डोकं फुटलं.

"सरकारचं अनुदान खाता, अन् जागा तुमच्याच धर्मवाल्यांना? चिठ्ठ्या कुनी काढल्या, बोला मास्तर! तो हातच मोडतो!" हर्षल ओरडला.

"मी काढल्या," म्हणत सरांनी उजवा हात पुढं केला. पुढच्याच घावाला मनगटाचं हाड कडकन वाजलं.



तेवढ्यात धापा टाकत आलेल्या हर्षलच्या आईनं नातीचा चिमुकला हात त्याच्या हातात कोंबला. "घे, आता हा मोड. समद्या चिठ्ठ्या तुझ्या लेकीनं काढल्यात."