वाया गेलेले सात दगड

"हे सात वगळ," सर म्हणाले. "यंत्राची चूक आहे."

तिने आकड्यांचा कागद पुन्हा पुढे सरकवला. ट्रेमध्ये अश्मयुगातले सात काळे तुकडे होते. सगळे वेडेवाकडे फोडलेले. एकालाही धड धार नव्हती. आणि यंत्र सांगत होतं, हा दगड नऊ दिवसांच्या चालीवरच्या ज्वालामुखीचा. काचेसारखा, एक नंबरचा.

"सर, तीनदा तपासलं."

"अगं, नऊ दिवस पाठीवर वाहून आणलेल्या दगडाचा कुणी असा चुथडा करेल? बिघडवायला नदीत गोटे होते की पायलीनं! संध्याकाळपर्यंत कारण सांग, नाहीतर तुझ्या प्रबंधातून काढ."

यंत्र इथे चुकलं म्हटलं, की तिच्या दोन वर्षांतल्या बाकीच्या आकड्यांवर तरी कोण विश्वास ठेवणार?

तेवढ्यात घरून फोन. सासूबाई. "काय झालं?" तिने घाईने विचारलं.

"काही झालं नाही गं. तुझी लेक शिवण शिकतेय. तुझं ते ड्रेसचं नवं कापड दिलंय कापायला."

"कात्री दिलीत? बोटं ठीक आहेत ना? आणि आई, नवं कापड! जुनी चादर होती की!"

"बोटं दहाच्या दहा आहेत, मोजलीत." सासूबाईंचा जन्म शिवणकामात गेलेला. "चादरच दिली होती आधी. झिजलेली ती, कात्रीत गोळा होते. पोर रडायला लागली, मला येतच नाही म्हणून. दोष कापडाचा आणि बोल स्वतःला! मग चांगलं दिलं. कापडाची वाट लागलीय, पण पोरगी हसतेय."

फोन ठेवून तिने ट्रेमधले सात तुकडे पुन्हा पाहिले. मग डोळ्यांवर जाड चष्मा चढवून तिने नदीतला गोटा हातोडीखाली घेतला. घाव घातला एकीकडे, फुटला भलतीकडेच. दुसरा घेतला. तोही तसाच. नंतर त्याच ज्वालामुखीवरून नमुन्यासाठी आणलेला काळा दगड. हलकीशी टिचकी, आणि हवी तिथेच पापुद्र्यासारखी चकती सुटली.

ती जवळजवळ धावतच सरांच्या खोलीत शिरली.

"सर, यंत्र बरोबर आहे. गोट्यावर हात बसतच नाही, तो कसाही फुटतो. हे सात तुकडे शिकणाऱ्या लहान हाताचे आहेत."

सरांनी एक तुकडा उजेडात फिरवून पाहिला. "पटतंय. पण शिकाऊ पोराला एवढा मोलाचा दगड देईल कोण?"

"आजी, सर."