हनुवटीवरचा वण

हिरामणआजोबांच्या हनुवटीवरचा वण सरहद्दीवर गोळी चाटून गेल्याचा, हे बदलापुरात त्यांच्या अख्ख्या गल्लीला पाठ होतं. पण टेरिटोरियल आर्मीच्या डिस्चार्ज बुकात त्यांची ओळखीची खूण भलतीच पडली होती, ‘उजव्या गालावर तीळ’, आणि त्यापायी माजी सैनिकाचं कार्ड अडलं होतं.

“तीळ काढून वण लिहू की,” सैनिक कार्यालयातला कारकून म्हणाला. “फक्त तो भरतीच्या आधीचा पाहिजे. तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी आणा आणि प्रतिज्ञापत्र करा.”

आजोबांनी आठवडा तसाच ढकलला. मग अंबरनाथहून थोरल्या बहिणीला, बनूबाईंना, बोलावून घेतलं. नात किर्तीला चुकवून निघायचा बेत होता, पण ती आधीच रिक्षात बसलेली.

“बोलो साईं, निशान कैसे हुआ?” उल्हासनगर कॅम्प चारमधल्या सिंधी टायपिस्टनं विचारलं.

किर्तीकडे न बघता आजोबा पुटपुटले, “बचपन में... गिरा था.”

 

“गिरा था?” बनूबाई कडाडल्या. “हिऱ्या, माझ्या विटीचा फटका चाळीस वर्षं दुश्मनाच्या नावावर खपवलास, आता कागदावर तरी माझं नाव येऊ दे!”