आइस्क्रीमच्या डब्यातली वार

“अगं रोइमाता, ते मटण नाहीये!”

तुरोआ ओरडतच स्वयंपाकघरात आला. मेहुणीने फ्रीजरमधला आइस्क्रीमचा डबा काढून ओट्यावर ठेवला होता आणि झाकणाखाली सुरी घालून ती तो उचकटत होती. शेजारी पातेल्यात डुकराची हाडं आणि पालेभाजी रटरटत होती. तिला वाटलं, अजून थोडी हाडं सापडली.

“मग काय आहे?”

“तुझ्या भाचीची वार.”

रोइमाताने सुरी खाली ठेवली. “दाजी, निदान डब्यावर लिहायचं तरी! या घरात मासे आइस्क्रीमच्या डब्यात, सुईदोरा आइस्क्रीमच्या डब्यात. आइस्क्रीम तेवढं कधी निघत नाही.”

आतल्या खोलीत बाळाला पाजत बसलेली हिनेवाई इतकी हसली, की बाळ दचकून रडायला लागलं.

तुरोआही हसला. पण डबा परत आत ठेवताना त्याचं तोंड उतरलं. बाळाची वार बापाने आपल्या हाताने, आपल्या जमिनीत पुरायची. मग पोर जगात कुठेही जावो, त्याला घर असतं. तुरोआची स्वतःची वार वर डोंगरातल्या गावात होती, एका कोव्हाईच्या झाडाखाली. लेकीची तिच्या शेजारी पुरायची, हे ती पोटात असल्यापासून ठरलेलं. आणि बाप इथे, वाइकातो नदीकाठच्या या शहरात, घोट्याला काळा पट्टा बांधून घरकैदेत. परवाना काढून घेतलेला असतानाही गाडी चालवली, तीही पुन्हा पुन्हा. तुरुंग नको, घरीच राहा, म्हणाले कोर्टात. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की पट्टा बोंबलणार, आणि मग खरा तुरुंग.

एका दिवसाची मोकळीक त्याने मागून पाहिली होती. त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या लेसिएलीबाई मनाने चांगल्या. त्यांनी वरच्यांना विचारलंसुद्धा.

“दवाखाना असता, मयत असतं, तर काहीतरी केलं असतं रे,” त्या म्हणाल्या. “पण तुझा पाय कुठे आहे ते आम्हाला पडद्यावर दिसायला हवं ना. तुमच्या त्या डोंगरात फोनला रेंज नाही, पायाला कुठून मिळणार?”

शेवटी त्याने गावी आजीला निरोप धाडला. डबा न्यायला मामाला पाठव. वार तोच पुरेल मातीत.

दुपारी मामाची गाडी फाटकाशी थांबली. शेजारच्या सीटवर खुद्द आजी. तुरोआला खरंच वाटेना. पाएआ आजी या शहरात कधी पाय ठेवत नसे. जाताना वाटेत लागलं तर गाडीची काचही खाली करायची नाही. त्याला इथे सरकारी घर मिळालं तेव्हा ती म्हणाली होती, “तिथे मी पाणीसुद्धा पिणार नाही.” इथल्या दारूच्या दुकानांवर तिचा राग असेल, असं तो धरून चालला होता.

आजी उतरली आणि तिने फाटकाशीच बूट काढले.

“आजी, दाराशी काढ गं. गवत ओलं आहे.”

तिने ऐकलं नाही. अनवाणीच अंगणभर फिरली. नदीकडे पाहिलं. मागच्या टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं, डोळे पुसले. मग पणतीला उचलून घेतलं आणि तिच्या इवल्याशा नाकाला आपलं नाक लावलं.

तुरोआने डबा पुढे केला. “घेऊन जा, आजी. माझ्या मूर्खपणापायी पोरीच्या नशिबी बापाचा हात नाही.”

“घरात फावडं आहे का?”

“आहे. कशाला?”

“खण.”

“इथे? अगं, हे भाड्याचं घर. उद्या आम्हाला काढलं, म्हणजे पोरीची वार परक्याच्या अंगणात!”

“परक्याच्या?” आजीने टेकडीकडे बोट केलं. “ती टाकी आहे ना, तिथे माझे पणजोबा जन्मले. त्यांची वार याच उतारावर कुठेतरी आहे. इथून थेट नदीपर्यंत आपली रताळी लावलेली असायची. मग गोऱ्या सरकारचे सैनिक आले, जमीन बळकावली. डोंगरात आपण लपायला गेलो, पोरा. त्याला तू गाव म्हणतोस.”

तुरोआने डबा पायाशी ठेवला. “इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“काय बोलू? माझा नातू इथे भाडेकरू म्हणून राहतो, ते बघायला यायचं? नाही बघवलं. नाही आले.” तिने बाळाला खांद्यावर घेतलं. “हिच्यासाठी आले.”

तुरोआने फावडं आणलं. वरचं गवत चिवट निघालं, खाली मात्र काळीभोर, मऊ माती. हिनेवाई जवळ येऊन उभी राहिली. मामाने टोपी काढली. तुरोआने लेकीची वार दोन्ही हातांनी खाली ठेवली, वर माती लोटली, थापून थापून सारखी केली आणि तिथेच बसकण मारली. विजारीचा पाय वर सरकला. चिखलाने माखलेला पट्टा उघडा पडला.

आजीचं लक्ष तिकडे गेलं, आणि ती हसायला लागली. आधी बारीक, मग पोट धरून. बाळसुद्धा तिच्या खांद्यावर गदगदा हलायला लागलं.

“काय झालं गं एवढं?”

“अरे, माझ्या पणजोबांना या सरकारने बंदुका रोखून सांगितलं होतं, इथून चालते व्हा,” आजी डोळे पुसत म्हणाली. “आणि आता त्यांच्याच रक्ताच्या पोराला पायात पट्टा अडकवून बजावतंय, इथून हललास तर याद राख!”